तेराव्या वर्षाचे नमुने

दोघे साडू एकाच विमानाने निघाले, पण एक पुढे खिडकीशी आणि एक पार शेपटीला. ही सोय दोघांनी आपापली, एकमेकांना न विचारता करून घेतली होती. नऊ वर्षांत त्यांचं एकमत झालेली ती एकुलती एक गोष्ट.

थोरल्या साडूला कॉलेजातली पोरं ढेकूळ सर म्हणायची. मातीचा विषय शिकवता शिकवता ते खिशातून एखादं ढेकूळ काढायचे, बोटांनी फोडायचे आणि पुढच्या बाकावरच्याला वास घ्यायला लावायचे, त्यावरून ते नाव पडलं. धाकटा साडू संख्याशास्त्राचा. त्याच्यासमोर कोणी "साधारण निम्मे लोक आले होते" असं म्हटलं, की तो शांतपणे विचारायचा, "म्हणजे किती?" त्याचं नाव दशांश. एका घरच्या दोन मुली, थोरली आणि धाकटी, या दोघांना दिलेल्या. दोघे एकाच कॉलेजात नोकरीला लागले आणि एकाच शेताच्या नादी लागले.

ते शेत कॉलेजच्या मागे. आठ वाफे. चार वाफ्यांत शेणखत घालायचं आणि पिकाचा पाचोळा परत मातीतच जिरवायचा, उरलेल्या चारांना नुसतं पोत्यातलं खत. दर वर्षी पेरणीआधी एकदा आणि कापणीनंतर एकदा, गिरमिटाने तीन थरांतली माती काढायची, पिशवीत भरायची, वाळवायची आणि तिच्यात सेंद्रिय कर्ब किती उरलाय ते मोजायचं. माती काढणं आणि मोजणं ढेकूळ सरांकडे, आकड्यांतून अर्थ काढणं दशांशकडे. बारा वर्षं हे इतकं गुण्यागोविंदाने चाललं, की लोक म्हणायचे, हे साडू कसले, पाठचे भाऊच.

तेराव्या वर्षाची वही दशांशच्या हातात पडली आणि तो दोन दिवस ती चाळत बसला. तिसऱ्या दिवशी त्याने दार लोटून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, या वर्षीच्या पिशव्या कुठे आहेत?"

"कोठारात असतील. का?"

"कोठारात नाहीत. अठ्ठेचाळीस आकडे आहेत, त्यातल्या एकाच्याही शेवटी शून्य नाही की पाच नाही. माती असं वागत नाही. माणूस मनाने आकडे लिहायला बसला, की शून्य आणि पाच टाळतो. त्याला ते खोटे वाटतात."

ढेकूळ सरांची त्याच महिन्यात विभागप्रमुख म्हणून नेमणूक व्हायची होती. त्यांनी वही ओढून घेतली आणि म्हणाले, "माझ्या खुर्चीवर डोळा आहे तुमचा, हे माहीत नव्हतं मला." इतकी वर्षं ज्याला 'तू' म्हटलं त्याला त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं. शिवी दिली असती तर दशांशला कमी लागलं असतं.

पुढे दशांशने प्राचार्यांना पत्र दिलं. तीन जणांची समिती बसली. तिघेही रोज चार वाजता ढेकूळ सरांबरोबर चहा पिणारे. पिशव्या ओल लागून खराब झाल्या असाव्यात, असा अहवाल आला. ढेकूळ सर खुर्चीत बसले. दशांशला परीक्षा विभागात हलवलं आणि शेताची वही त्याच्यासाठी बंद झाली. नऊ वर्षं तो बैठक क्रमांक लावत बसला. धाकटी एकदा बहिणीकडे गेली होती, खरं काय ते सांगायला. थोरलीने तिला पहिलं वाक्य पुरं करू दिलं नाही. "माझ्या नवऱ्याला चोर म्हणायला आली असशील तर आली तशी जा," म्हणाली. नवरा सांगेल ती पूर्वदिशा, आणि नवऱ्याने घरी एवढंच सांगितलं होतं की तुझ्या बहिणीचा नवरा मला पाण्यात पाहतो. कुठल्या वर्षाचे आकडे, किती आकडे, या तपशिलात त्यांनी घरात कोणाला शिरूच दिलं नाही. दोघींची आई गेली तेव्हा त्या दोन कोपऱ्यांत बसून रडल्या.

कॉलेजात दोघांमधला निरोप शिपायामार्फत जायचा. परदेशात शिपाई नव्हता.

परिषद मातीवरचीच होती, तीन दिवसांची. दोघांनी एकमेकांना पत्ता न लागू देता आपापला निबंध पाठवला होता आणि दोन्ही निबंध त्याच आठ वाफ्यांवर होते. वही बंद झाल्यानंतरच्या वर्षांचे आकडे दशांशने कॉलेजच्या छापील वार्षिक अहवालांतून उचलले होते. आयोजकांनी दोन्ही वाचले आणि एकच वीस मिनिटांचं सत्र दिलं, दहा-दहा मिनिटं दोघांना. विद्यापीठाच्या अतिथिगृहातली खोलीही एकच दिली.

"दुसरी खोली हवी," ढेकूळ सर काउंटरवरच्या बाईला म्हणाले.

बाईने मान वर केली नाही. "एक कॉलेज, एक शेत, एक खोली. दुसरी शिल्लक नाही."

खोलीत दोन पलंग, मधे एक हात जागा, एक टेबल, एकच दिवा. दशांशने आल्या आल्या खिडकी उघडली. त्याला बंद खोलीत गुदमरायचं. ढेकूळ सरांना गार वाऱ्याने कानात कळ यायची. ते अंघोळीला गेले आणि बाहेर आल्यावर टेबलावर एक चिठ्ठी लिहून ठेवली: 'खिडकी बंद ठेवावी. – विभागप्रमुख.' थोड्या वेळाने चिठ्ठीखाली बारीक, सरळ अक्षरात उमटलं, 'किती?' सरांनी लिहिलं, 'पूर्ण.' त्याच्याखाली उत्तर आलं, 'पूर्ण होत नाही. बिजागरी वाकडी आहे. १.५ सेंमी फट राहते.' सरांनी चिठ्ठीचा बोळा केला आणि कानाला मफलर गुंडाळून भिंतीकडे तोंड करून पडले. इतक्या वर्षांत त्या माणसाला हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं. तो आता पाठीमागे हसतोय असं त्यांना वाटलं, पण वळून बघणं म्हणजे हार मानणं.

सकाळी सातला खिडकीखाली भुंग्यासारखा आवाज सुरू झाला. एक माणूस पाठीवर यंत्र बांधून वाऱ्याच्या झोताने पानं ढकलत होता. पानगळ ऐन भरात आली होती. वाटेच्या दोन्ही बाजूंची झाडं पिवळी, तांबडी, काही तर नुसती पेटल्यासारखी, आणि परिषदेला आलेली माणसं कोटाच्या बाह्या सावरत त्यांचे फोटो काढत होती. ढेकूळ सरांना ते बघवेना. ही सगळी पानं जमवून, पोत्यांत कोंबून, गाडीत घालून कुठेतरी दूर नेऊन टाकायची चालली होती. गवत खालून फिकं पडलेलं. मातीशास्त्राची परिषद भरवणाऱ्यांच्या अंगणात माती उपाशी. त्यांनी ते शेजारून चाललेल्या कोणाला तरी सांगायला तोंड उघडलं, तर शेजारी दशांश. दोघांनी एकदमच चालण्याचा वेग बदलला, एकाने वाढवला आणि एकाने कमी केला.

दुपारी सगळ्यांना मातीचं कोठार दाखवायला नेलं. शास्त्र-इमारतीच्या तळघरात लांबच लांब मांडण्या आणि त्यांवर काचेच्या बरण्या. एकाच शेतातली माती, दर वर्षीची एक बरणी, जवळजवळ शंभर वर्षांची. कोठार सांभाळणारी बाई सत्तरीची, काटकुळी, पांढऱ्या डगल्यातली, आणि कपाळाला आठ्या. आल्या आल्या तिने बजावलं, "हात लावायचा नाही. टेकायचंही नाही." मग ती पुढे आणि माणसं मागे, असं देवदर्शन सुरू झालं.

एका मांडणीपाशी ती थांबली. बरण्यांच्या रांगेत एक जागा मोकळी होती. तिथे एक पिवळट चिठ्ठी चिकटवलेली, त्यावर वर्ष आणि चार शब्द: 'या वर्षी नमुना नाही.'

"का नाही?" कोणीतरी विचारलं.

"माझ्या आधी इथे जे गृहस्थ होते, ते गेले नाहीत शेतावर," बाई म्हणाली. "कारण मला माहीत नाही. आळस असेल. पण त्यांनी शेजारच्या शेतातली माती भरून बरणी ठेवली नाही, तेवढ्यासाठी मी त्यांना नमस्कार करते. एक खोटी बरणी या खोलीत आली, तर बाकीच्या सगळ्या मला पुन्हा तपासाव्या लागतील."

ढेकूळ सरांनी मागे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. मानेवर उन्हाचा कवडसा पडावा तशी दशांशची नजर त्यांना जाणवत होती. बाहेर पडताना जिन्यावर दशांश त्यांच्या बरोबरीला आला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा शिपायाशिवाय बोलला.

"उद्या तुमच्या चित्रात तेरावा ठिपका आहे का, सर?"

"बावीस वर्षांचं चित्र आहे. बावीस ठिपके आहेत."

"माझ्यात एकवीस आहेत," दशांश म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या चढून निघून गेला.

सत्र सकाळी अकराचं होतं. शंभरेक माणसं, आणि पहिल्या रांगेत बरण्यांची बाई, हातात पेन्सिल घेऊन. ढेकूळ सर आधी बोलले. ते बोलायला चांगले होतेच. पाचोळा जिरवलेल्या वाफ्यांची रेघ वर वर चढणारी, नुसत्या खताच्या वाफ्यांची खाली घसरणारी, आणि दोन्ही रेघांवर बावीस ठिपके मण्यांसारखे ओवलेले. लोकांनी माना डोलावल्या. मग दशांश उठला. त्याने तीच चित्रं दाखवली, तेच निष्कर्ष सांगितले, फक्त बाराव्या आणि चौदाव्या ठिपक्याच्या मधे रेघ तुटलेली होती. त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. नऊ मिनिटांत आटोपून खाली बसला.

बरण्यांच्या बाईने पेन्सिल वर केली. "शेत एकच आहे. मग एकाच्या चित्रात एक वर्ष कमी कसं?"

"माती काढायचं काम माझं नव्हतं," दशांश म्हणाला. "सरांना विचारा."

शंभर माना वळल्या. ढेकूळ सर उभे राहिले. पुढे त्यांना हे पुष्कळदा आठवायचं की त्या क्षणी खरं सांगायचा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. जीभ आपली आपण चालली. "त्या वर्षी आमच्या उपकरणात थोडा बिघाड होता," ते म्हणाले. "आकडे ग्राह्य आहेत, पण माझे सहकारी जरा सावध प्रकृतीचे आहेत. त्यांनी ते वर्ष वगळणं पसंत केलं."

लोक हसले, मायेने हसले. दशांशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिला.

"मग सोपं आहे," बरण्यांची बाई म्हणाली. "उपकरण बिघडलं होतं, माती नाही. त्या वर्षीच्या पिशव्या पाठवून द्या. मी इथे मोजून देते. फुकट."

"अवश्य," ढेकूळ सर म्हणाले. "परत गेल्या गेल्या पाठवतो."

टाळ्या पडल्या. सत्र संपलं.

जेवणाच्या सुट्टीत ते कोणाशी न बोलता बाहेर आले आणि एका बाकावर बसले. ऊन होतं, पण त्यात जोर नव्हता. पानं त्यांच्या कोटावर पडत होती आणि ते झटकत नव्हते, कारण त्यांचं डोकं भराभर चाललं होतं. अठ्ठेचाळीस पिशव्या. बांधालगतच्या पट्टीतली माती घ्यायची, ती साधारण त्याच गुणाची. खालच्या थरासाठी खड्डा खणावा लागेल. उन्हात वाळवायची. पिशव्यांवरची नावं जुन्या शाईने लिहायची, चहाच्या पाण्यात बुडवून काढली की कागद नऊ वर्षांचा दिसतो. कोरी लेबलं कुठे असतील? घरच्या माळ्यावर जुन्या सामानाचं एक खोकं होतं. त्यांनी घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली असणार.

"पोचलात ते कळवलंही नाहीत," थोरली म्हणाली. "कान दुखतोय का?"

"कानाचं राहू दे. माळ्यावर एक पत्र्याचं खोकं आहे, त्यात पिशव्यांची जुनी लेबलं आहेत का बघ. तेराव्या वर्षाची. कोरी असली तरी चालतील."

"तेरावं वर्ष म्हणजे कधीचं?"

त्यांनी साल सांगितलं. सांगून गेले. नऊ वर्षं जपलेलं तोंड, आणि घाईत सुटलं.

थोरलीने मनात वर्षं मोजली. मग म्हणाली, "त्या वर्षी तर आपलं घर बांधत होतो."

"हो. बरं मग?"

"पेरणीआधी स्लॅब पडला. एकवीस दिवस मी सकाळ-संध्याकाळ पाणी मारत होते, माझी कंबर गेली ती तेव्हापासून. तुम्ही रजा टाकून दिवसभर खुर्ची मांडून गवंड्याशी हुज्जत घालत होतात. कापणीनंतर गिलाव्याचं काम निघालं, तेव्हाही तेच. मी तुम्हाला विचारलं होतं, शेताचं काय. तुम्ही म्हणालात, शेत कुठे पळून जातंय."

"तू ते खोकं बघतेस का आधी?"

"याच वर्षाचं भांडण होतं ना तुमचं? त्याने हेच विचारलं होतं ना, पिशव्या कुठे आहेत म्हणून?"

ढेकूळ सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. समोर पाठीवर यंत्र बांधलेला माणूस पुन्हा आला होता आणि त्या आवाजात काही ऐकू आलं नाही असं सांगून फोन ठेवता आला असता. पण थोरली ऐकू येईल इतपत मोठ्यानेच बोलत होती.

"माझी बहीण माझ्या दारात उभी होती," ती म्हणाली. "चप्पलसुद्धा काढली नव्हती तिने. मी तिला हाकललं. तुमच्यासाठी हाकललं. आई वारली तेव्हा आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो नाही. आणि तुम्ही कशासाठी, तर एका स्लॅबसाठी. तो तुम्ही नसतात तरी पडलाच असता."

"आल्यावर बोलू."

"तुम्ही आल्यावर मी कुठे असेन ते सांगता येत नाही," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

ते खोलीवर आले तेव्हा दशांश टेबलाशी बसून कोणाच्या तरी निबंधावर खुणा करत होता. खिडकी सताड उघडी. ढेकूळ सर पलंगाच्या कडेवर बसले. मधे एक हात जागा.

"थोरलीला कळलं," ते म्हणाले.

दशांशने पेन खाली ठेवलं नाही. "काय कळलं?"

"मी गेलो नव्हतो शेतावर. त्या वर्षी."

"ते मला नऊ वर्षांपूर्वी कळलंय. ताईंना कसं कळलं ते विचारतोय. तुम्ही सांगितलंत?"

"तिनेच ताडलं."

"वाटलंच," दशांश म्हणाला. "तुम्ही सांगितलं असतं तर आश्चर्य वाटलं असतं." मग तो खुर्ची वळवून समोर बसला आणि एकेक शब्द मोजून टाकत बोलला. "आज मला वाटलं होतं, इथे तरी बोलाल. इथे प्राचार्य नाही, समिती नाही. खुर्ची कोणी काढून घेत नाही. तुम्ही काय केलंत? माझीच टिंगल केलीत. सावध प्रकृतीचा. लोक हसले माझ्यावर. बैठक क्रमांक लावताना मी रोज विचार करायचो, भाऊंना एक दिवस लाज वाटेल. नऊ वर्षं म्हणजे किती दिवस, ते मी काढलंय. सांगू का?"

"नको."

"मग खिडकीबद्दल पुन्हा चिठ्ठी लिहू नका," दशांश म्हणाला आणि खुणा करायला वळला.

दुसऱ्या दिवशी परिषदेचा समारोप होता. समारोपाआधी दहा मिनिटं दुरुस्त्यांसाठी राखलेली असतात. कोणाचं नाव चुकलेलं असतं, कोणाच्या तक्त्यात रकाना हललेला असतो. दोन जणांनी तसलंच काही सांगितलं. मग ढेकूळ सर उठले. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"काल मी सांगितलं की उपकरण बिघडलं होतं. ते खोटं आहे. तेराव्या वर्षी मी नमुने घेतलेच नाहीत. आकडे माझ्या मनाचे आहेत. माझ्या सहकाऱ्यांचं चित्र बरोबर आहे आणि माझं चूक."

सभागृहात कोणीतरी खोकलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, समोरच्या कागदावर दोन ओळी खरडल्या आणि म्हणाले, "नोंद घेतली आहे. आणखी कोणाची दुरुस्ती?" ढेकूळ सर खाली बसले. शेजारच्या माणसाने, जो दोन दिवस त्यांच्याशी खतांवर गप्पा मारत होता, आपली पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. बाहेर पडताना बरण्यांची बाई दारात भेटली. त्यांना वाटलं, ही तरी काही बोलेल.

"बावीसपैकी बाकी एकवीस वर्षांच्या पिशव्या आहेत का?" तिने विचारलं.

"आहेत."

"सगळ्या पाठवा. आता मला सगळ्याच बघाव्या लागतील," ती म्हणाली आणि आठ्या घालून निघून गेली.

दशांश सभागृहात नव्हताच. सरांनी त्याला शोधून काढलं तेव्हा तो तळ्याकाठी एका झाडाखाली उभा होता, कोटाच्या खिशात हात घालून. बस यायला अर्धा तास होता.

"सांगितलं मी आत्ता. सगळ्यांसमोर."

"ऐकलं. एक जण जाता जाता सांगून गेला."

सर वाट बघत राहिले. कशाची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. निदान एखादा उसासा, निदान "बरं केलंत".

"तुम्हाला इथे कोण ओळखतं, सर?" दशांश म्हणाला. "उद्या ही माणसं तुमचं तोंडही विसरतील. परक्याच्या अंगणात पाप धुऊन काय होतं? माझी नऊ वर्षं आपल्या कॉलेजात गेली. धाकटीला लोकांनी तिथे विचारलं, तुमचे हे खरंच भावाच्या मुळावर उठले का हो. तिथे सांगा."

"सांगतो."

"कधी?"

"गेल्यावर."

"म्हणजे किती वाजता?"

हे ऐकून कॉलेजातल्या कोणालाही हसू आलं असतं. ढेकूळ सरांना आलं नाही. ते तिथेच गवतावर बसले, परिषदेची वही मांडीवर घेतली आणि प्राचार्यांना पत्र लिहायला लागले. बोटं गारठली होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं. अर्ध्या पानाचं पत्र लिहायला वीस मिनिटं लागली. त्यांनी वही वर धरली. दशांशने उभ्या उभ्या वाचलं, खिशातून पेन काढलं, 'सुमारे पन्नास आकडे' यातलं 'सुमारे पन्नास' खोडून 'अठ्ठेचाळीस' लिहिलं, 'गैरसमज' या शब्दाखाली रेघ मारली आणि वही परत दिली.

"गैरसमज नव्हता तो," म्हणाला.

सरांनी तो शब्द खोडून 'मी केलेला खोटा आरोप' लिहिलं, सही केली आणि पानाचा फोटो काढून तिथूनच प्राचार्यांना पाठवला. दशांशने पाठवल्याची खूण उमटेपर्यंत पाहिलं. मग बस आली. तो पुढच्या दाराने चढला आणि सर मागच्या.

घरी आले तेव्हा कुलूप होतं. किल्ली शेजारी. आत सगळं जागच्या जागी, फक्त थोरलीची औषधं आणि चार साड्या नव्हत्या. त्यांनी फोन केला.

"धाकटीकडे आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तिने मला दोन तास बाहेरच्या पायरीवर बसवलं. मी बसले. मग तिने नळ सोडला, भांडी घासायला लागली. मी उठून आत गेले आणि विसळायला घेतली. अजून नीट बोलत नाही. टोमणे मारते. मारू दे."

"घरी कधी येशील?"

"ती बोलायला लागली की बघू."

महिन्याभरात ढेकूळ सरांची खुर्ची गेली. निवृत्तीला सात महिने उरले होते. ते त्यांनी परीक्षा विभागात काढले, दशांशच्याच जुन्या टेबलावर. दशांशला वह्या परत मिळाल्या. त्याने एकवीस वर्षांच्या पिशव्या उतरवून घेतल्या, एकेक तपासली आणि परदेशी पाठवून दिल्या. अशा कामात एखादा प्रश्न अडायचाच, अमुक थर किती खोल होता, तमुक वर्षी गिरमिट कोणतं वापरलं. तेव्हा शिपाई चिठ्ठी घेऊन परीक्षा विभागात यायचा. चिठ्ठीत प्रश्न असायचा आणि खाली सही. ढेकूळ सर उत्तर लिहायचे, सेंटिमीटरसकट, आणि शिपायाला म्हणायचे, "त्यांना सांग, नक्की एवढंच आहे."

थोरली चौथ्या महिन्यात घरी आली. आली तशी स्वयंपाकाला लागली, ताट वाढलं आणि जेवायला मात्र धाकटीकडे गेली.